यावरून असे दिसते

सम्यक ओव्हाळला मुलुंडच्या क्लासमध्ये आणलं ते शर्मिष्ठानेच. पुढे ही गोष्ट ती स्वतःहून कोणाला सांगेनाशी झाली, पण खरं होतं ते.

पाच रस्ता चौकाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चंद्रप्रकाश सरांचा क्लास होता. बारावीनंतर लॉला जाऊ पाहणारी पोरं तिथे प्रवेश परीक्षेची तयारी करायला यायची. शर्मिष्ठा गुप्ते गेली चौदा वर्षं तिथे तर्कबुद्धी शिकवत होती, आणि त्यातल्या एका प्रकारच्या प्रश्नांसाठी तिचं नाव होतं. चार ओळींचा एक युक्तिवाद दिलेला असतो आणि विचारलेलं असतं, यात चूक कुठे आहे? पोरांना घाम फुटायचा, कारण युक्तिवाद वाचायला अगदी बरोबर वाटायचा. शर्मिष्ठाने अशा चुकांचे अकरा प्रकार पाडले होते, प्रत्येकाला नाव दिलं होतं, आणि तिच्या नोट्सच्या झेरॉक्स ठाण्यापर्यंत फिरत होत्या.

सम्यक तिच्याच हाताखाली शिकलेला. नऊ वर्षांपूर्वी घाटकोपरहून बसने यायचा, पहिल्या बाकावर बसायचा, आणि अकराच्या अकरा प्रकार पाठ असूनही विचारायचा, "मॅडम, पण बारावा निघाला तर?" तो वकील झाला, दोन वर्षं कोर्टात एका सीनियरच्या मागे फिरला, पण मन रमलं नाही. एक दिवस त्याचा फोन आला. "मॅडम, मला शिकवायचंय. तुमच्यासारखं."

"तुमच्यासारखं" या शब्दाने ती सुखावली. दुसऱ्याच दिवशी तिने चंद्रप्रकाश सरांना सांगितलं, "मुलगा हुशार आहे सर. माझी जबाबदारी."

सरांनी त्याला दुपारची बॅच दिली. सकाळची बॅच शर्मिष्ठाची, तिथे चांगली पोरं. दुपारी उरलेली, कोणी उशिरा प्रवेश घेतलेली, कोणी दोनदा नापास झालेली. शर्मिष्ठाने आपल्या नोट्सची फाईल सम्यकला दिली आणि म्हणाली, "हे जसंच्या तसं घे. डोकं चालवू नकोस फार."

त्याने फाईल दोन्ही हातांनी घेतली. पण ती वर्गात नेली नाही.

हे तिला आठवड्याभराने कळलं. स्टाफरूम आणि दुपारचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. ती पेपर तपासत बसली होती आणि पलीकडून एकदम हसण्याचा आवाज आला. बावीस पोरांचं हसू. तिच्या वर्गात चौदा वर्षांत असं कोणी हसलं नव्हतं. तशी तिने कधी गरजही मानली नव्हती.

सम्यक म्हणत होता, "आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर काल मेसेज आला. नवीन वॉचमन आल्यापासून लिफ्ट तीनदा बंद पडली. तेव्हा वॉचमन बदला. आता बोला, कोणाला वॉचमन बदलायचाय?"

"सर, लिफ्ट जुनी असेल ना!"

"असेल. अजून?"

"वॉचमनच्या आधी पण बंद पडत असेल. तेव्हा कोणी मोजत नसेल."

"झकास. हे कोण बोललं? केतन? केतन, पेपरात हेच असतं रे. फक्त वॉचमनच्या जागी सरकारी योजना असते आणि लिफ्टच्या जागी पिकांचं उत्पादन."

शर्मिष्ठाच्या नोट्समध्ये या चुकीचं नाव होतं 'कालक्रमजन्य कारणाभास'. पोरं ते नाव पाठ करायची आणि पेपरात चूक समोर आली की ओळखायची नाहीत, हे तिलाही माहीत होतं. ती बाटली घेऊन उठली आणि पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभी राहिली. तिथून वर्ग जास्त स्पष्ट ऐकू यायचा. बाटली भरून वाहायला लागली तरी ती तिथेच होती.

मग तिला ती सवयच लागली. सकाळची बॅच साडेअकराला सुटायची, ती घराकडे जाणाऱ्या आपल्या बसचा नाद सोडून दोन वाजेपर्यंत थांबायची. पेपर तपासायचेत, असं सांगायची. सम्यक दिसला की हसायची. त्याने डबा उघडला की "आईने काय दिलंय आज?" असं विचारायची. आणि तो वर्गात गेला की कूलरपाशी जायची. त्याचं चुकलेलं वाक्य सापडलं की तो दिवस तिला बरा जायचा. पण तशी वाक्यं फार सापडायची नाहीत.

एक दिवस तेजल दळवी तिच्याकडे आली. तेजल सकाळच्या बॅचमधली सगळ्यांत तरतरीत मुलगी. शर्मिष्ठाने मनातल्या मनात तिचा पहिल्या शंभरातला नंबर धरून ठेवला होता.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"मी दुपारच्या बॅचला बसू का? म्हणजे फक्त लॉजिकला. बाकी सकाळीच येईन."

"का गं? माझं समजत नाही?"

"समजतं ना मॅडम. पण सम्यक सरांचं..." तेजल अडखळली. "त्यांच्या वर्गात असं वाटतं, की चूक मला सापडली. तुमच्याकडे ती तुम्हाला सापडलेली असते."

पोरीने हे काही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. शर्मिष्ठाने बॅच बदलायच्या अर्जावर सही केली, कागद तिच्या हातात दिला आणि "ऑल द बेस्ट" म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

पुढच्या शनिवारी दोन्ही बॅचची एकत्र शंकानिरसनाचा तास होता. त्या आठवड्याची सराव परीक्षा सम्यकने काढली होती. शर्मिष्ठाने तो पेपर घरी नेऊन तीन वेळा बारकाईने वाचला होता, जसा कोणी भाजीतला खडा शोधतो तसा. आणि सतराव्या प्रश्नात तो सापडला.

साठ पोरं बसली होती. सम्यक फळ्यापाशी होता. ती मागून उठून उभी राहिली.

"सम्यक, सतरावा प्रश्न वाच जरा. मोठ्याने."

त्याने वाचला. "रोज सराव करणारेच निवडले गेले. कुंदाने रोज सराव केला. म्हणून कुंदा निवडली गेली."

"आणि उत्तर काय दिलंयस?"

"युक्तिवाद बरोबर आहे."

"परत वाच."

त्याने परत वाचला. शर्मिष्ठाच्या छातीत धडधडत होतं, आनंदाने. ती म्हणाली, "करणारेच. 'च' आहे तिथे. सराव न करणारं कोणी निवडलं गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सराव करणारे सगळे निवडले गेले, असं कुठे लिहिलंय? कुंदाने सराव केला असेल आणि तरी राहिली असेल. हा आपला चौथा प्रकार. पहिल्या महिन्यात शिकवतो आपण. निदान मी तरी शिकवते."

कोणीतरी हळूच "अरे यार" म्हणालं.

सम्यकचे कान लाल झाले. तो फळ्याकडे वळला, वाक्य लिहिलं, 'च'भोवती गोल केला आणि परत पोरांकडे वळला.

"मॅडम बरोबर आहेत. मी चुकलो," तो म्हणाला. "सगळ्यांना सतराव्याचा मार्क मिळेल. पण आता मला सांगा, मी कसा चुकलो? तुमच्यापैकी किती जण माझ्याबरोबर चुकले?"

चाळीसेक हात वर झाले.

"वाट लागली सगळ्यांची. आता प्रत्येकाने 'च' असलेलं एक वाक्य लिहा. 'च' काढल्यावर अर्थ कसा बदलतो ते शेजाऱ्याला सांगा."

पाच मिनिटांत वर्गात बाजार भरला. 'आईच रागावते', 'आई रागावतेच', 'मीच अभ्यास केला', 'मी अभ्यासच केला'. पोरं एकमेकांच्या वह्यांवर वाकून हसत होती, भांडत होती. शर्मिष्ठा मागच्या बाकापाशी उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. तासानंतर सम्यक तिच्यापाशी आला. "थँक्यू मॅडम. परीक्षेच्या आधी सापडलं ते बरं झालं."

त्याच्या तोंडावर जरा जरी कडवटपणा असता तरी तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी चंद्रप्रकाश सरांनी स्टाफला निकालाचा तक्ता दाखवला. दुपारच्या बॅचची सरासरी तीन आठवड्यांत बावन्न टक्क्यांवरून अडुसष्टवर गेली होती. सकाळची एकसष्टवर होती, जिथे होती तिथेच. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन्ही बॅचेसना लॉजिक सम्यकला देऊ या का? मॅडम, तुम्ही सगळ्या विषयांचं मटेरियल बघा. सीनियर आहात." त्यांना वाटलं ही बढतीच आहे.

शर्मिष्ठा घरी आली, मुलुंड पूर्वेला, जिथे ती वडिलांबरोबर राहायची. भाऊ म्हणजे तिचे वडील आतल्या खोलीत दुपारची झोप घेत होते. ती जेवायच्या टेबलाशी बसली आणि सरांना पत्र लिहायला घेतलं.

'श्री. सम्यक ओव्हाळ यांनी बॅच घेतल्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत गुणांमध्ये असाधारण वाढ झाली आहे. सराव परीक्षांचे पेपर ज्या कपाटात असतात त्याची किल्ली त्यांच्याकडे असते. यावरून असे दिसते की'

इथे तिचं पेन थांबलं.

थांबलं, कारण चौदा वर्षांची सवय होती. असा युक्तिवाद तिने फळ्यावर शेकडो वेळा लिहिला होता. गुण वाढण्याचं दुसरं कारण असू शकतं, आणि ते दुसरं कारण ती रोज कूलरपाशी उभी राहून ऐकत होती. किल्ली तिच्याकडेही होती. ऑफिसमधल्या सुंदराबाईंकडेही होती. कोणी पेपर बाहेर काढताना पाहिलं नव्हतं. या चार ओळींत एक नाही, दोन चुका होत्या, आणि दोन्हींना तिने स्वतः नावं दिलेली होती.

तिने हे सगळं पाहिलं. मग वाक्य पूर्ण केलं. '...की पेपर परीक्षेपूर्वी विद्यार्थ्यांपर्यंत पोचत असावेत. क्लासच्या हितासाठी हे आपल्या कानावर घालणे मी माझे कर्तव्य समजते. माझे नाव कृपया उघड करू नये.'

दुसऱ्या दिवशी पाकीट तिने स्वतः सरांच्या टेबलावर ठेवलं.

सर घाबरले. मागे एका दुसऱ्या क्लासची अशीच बदनामी झाली होती आणि पुढच्या वर्षी तिथे पाखरू फिरकलं नव्हतं. त्यांनी सम्यकला केबिनमध्ये बोलावलं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, बॅग उचलली आणि कोणाशी न बोलता खाली उतरला. मग सरांनी शर्मिष्ठाला आत बोलावलं.

"फेरपरीक्षा घ्यायची आहे. दुपारच्या बॅचची. नवीन पेपर. तो तुम्हीच काढा, तुम्हीच तपासा. तोपर्यंत सम्यक इथे येणार नाही."

"मी?"

"तुमच्यापेक्षा कडक कोण आहे मॅडम?"

तिने पेपर काढला. तीस प्रश्न, जितके अवघड काढता येतील तितके. अंदाजपंचे उत्तर देऊन कोणी सुटू नये म्हणून प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण लिहायला लावलं. पोरांचे फोन सुंदराबाईंनी पिशवीत गोळा केले. दोन बाकांवर एक, दार बंद, पालकांना मेसेज. तेजल पेपर घेताना वर न बघता म्हणाली, "आम्ही काय केलंय मॅडम?" शर्मिष्ठाने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

रविवारी सकाळी ती पेपर तपासायला बसली. पहिला केतनचा होता. ज्याला सरांनी प्रवेश देतानाच "जमलं तर बघू" म्हटलं होतं, तो. सातव्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं होतं: 'वॉचमन-लिफ्टची केस. दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या, एवढंच.' बाविसाव्याखाली: 'बोलणारा माणूस वाईट आहे असं सांगितलंय. तो बोलला ते वाईट का, ते सांगितलं नाही.' नाव एकाही चुकीचं नव्हतं. चूक मात्र प्रत्येक वेळी नेमकी पकडली होती.

तिने सातव्यापुढे लिहिलं, 'कारण अपुरे. शास्त्रीय संज्ञा नाही.' अर्धा मार्क कापला. मग बाविसाव्याचा कापला. दुसरा पेपर घेतला. त्यातही वॉचमन होता. तिसऱ्यातही. तिचं लाल पेन चालत राहिलं. अकरा पेपर झाले तेव्हा तिने सरासरी काढून पाहिली. पंचावन्न टक्के. असंच पुढे चाललं तर पत्रातलं म्हणणं खरं ठरणार होतं.

भाऊ चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले. ठाण्याच्या कोर्टात चाळीस वर्षं कारकून होते ते. कागद दिसला की वाचायचाच, ही त्यांची खोड. त्यांनी केतनचा पेपर उचलला.

"वॉचमन-लिफ्टची केस!" ते हसले. "हे काय गं?"

"काही नाही. पोरं काहीही लिहितात."

त्यांनी प्रश्न वाचला, मग उत्तर वाचलं, मग परत प्रश्न. "पण बरोबर आहे की हे. का कापलास मार्क?"

"संज्ञा लिहायला हवी होती."

"पेपरात तसं सांगितलंयस?" त्यांनी पेपरचं पहिलं पान उलटून वरच्या सूचना वाचल्या. "एका ओळीत कारण लिहा. एवढंच आहे इथे."

भाऊंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शमू, हा मुलगा कोण आहे? तुझं काही वाकडं आहे का त्याच्याशी?"

"नाही. त्याच्याशी नाही."

"मग?" तिने बारावा पेपर पुढ्यात घेतला. भाऊ कप घेऊन गॅलरीत गेले.

शर्मिष्ठाने केतनचा पेपर पुन्हा उघडून सातवं उत्तर वाचलं. मग तिने निळं पेन घेतलं आणि अकराही पेपर पहिल्यापासून पुन्हा तपासले. कापलेला प्रत्येक अर्धा मार्क परत दिला, बाजूला सही केली. उरलेले बारा तपासले. तेजलला तीसपैकी एकोणतीस मिळाले, आणि जो एक गेला त्यात शर्मिष्ठाचाच प्रश्न संदिग्ध होता, म्हणून तिने तोही दिला. बॅचची सरासरी एकाहत्तर टक्के आली. तिच्या पेपरात, तिने तपासून.

तिला वाटलं होतं की खरे मार्क दिल्यावर मन हलकं होईल. तसं झालं नाही. इतका अवघड पेपर आपण काढला आणि तरी त्याची पोरं पुरून उरली, हेच डोक्यात फिरत राहिलं.

सोमवारी सरांनी आकडा पाहिला आणि सुस्कारा सोडला. लगेच सम्यकला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"येत नाही म्हणतो."

"का?"

"म्हणाला, माझी पोरं निर्दोष आहेत हे कळलं, माझं काम झालं. पण माझ्यावर भरवसा ठेवायला तुम्हाला पेपर लागला, तिथे मला शिकवता येणार नाही." सरांनी हात झटकले. "पोरगा जरा जास्तच मानी आहे. जाऊ दे. परीक्षेला पाच आठवडे आहेत. दुपारची बॅच तुम्ही घ्या."

म्हणजे तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दुपारी ती वर्गात गेली. बावीस अधिक तेजल, सगळे होते. कोणी वही उघडली नव्हती. तिने खडू घेतला आणि तेवढ्यात तेजल उठून उभी राहिली.

"मॅडम, सरांवर तक्रार कोणी केली?"

"ते महत्त्वाचं नाही तेजल. खाली बस."

"आमच्यासाठी आहे. माझ्या पप्पांना मेसेज गेला की पेपरफुटीची चौकशी आहे. त्यांनी मला विचारलं, तू पेपर बघितला होतास का. पहिल्यांदा त्यांनी मला असं काही विचारलं." ती बसली नाही. "सुंदराबाई म्हणाल्या, स्टाफपैकी कोणीतरी पत्र दिलं."

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. सरांनी नाव गुप्त ठेवलं होतं, पुढेही ठेवलं असतं. शर्मिष्ठाने पोरांकडे पाहिलं. केतन खाली बघत होता.

"मी," ती म्हणाली.

केतनने मान वर केली.

"पत्र मी दिलं. त्यात जे लिहिलं ते खरं नव्हतं. आणि लिहिताना ते मला माहीत होतं."

"मग का लिहिलं?" हे केतनने विचारलं.

"त्याचा वर्ग माझ्या वर्गापेक्षा चांगला होता म्हणून."

तेजलने बॅग उचलली आणि ती बाहेर गेली. तिच्यामागे आणखी पाच जण गेले. बाकीची पोरं बसून राहिली. त्यांना परीक्षा द्यायची होती आणि जायला दुसरी जागा नव्हती. शर्मिष्ठाने त्यांना तासभर शिकवलं. कोणी हसलं नाही, कोणी शंका विचारली नाही. तास संपल्यावर ती सरांकडे गेली आणि तेच सगळं कागदावर लिहून दिलं. सरांनी वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं. "मॅडम, झालं ते झालं. हे आता उगाळू नका. पोरांसमोर बोलायची काय गरज होती?"

सम्यकला सांगायला तिला आणखी चार दिवस लागले. फोन दोनदा हातात घेऊन ठेवला. शेवटी शुक्रवारी ती बसने घाटकोपरला गेली. हायवेलगतच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर होतं. दार त्याच्या आईने उघडलं. द्रौपदीबाई जालन्याकडच्या, एका हॉस्पिटलात आया म्हणून नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"मी शर्मिष्ठा गुप्ते. मुलुंडच्या क्लासमधली."

"अगंबाई, मॅडम! या, या ना." त्यांनी पदराने खुर्ची पुसली. "तुम्ही स्वतः आलात? तुमचंच नाव असतं बघा त्याच्या तोंडी. मॅडमनी शिकवलं म्हणून वकील झालो, म्हणतो. बसा, चहा टाकते. तो खाली विहारात पोरांना शिकवतोय, येईलच आता." त्या आत जाता जाता थांबल्या. "क्लास कशानं सोडला ते काही सांगत नाही बघा. तुम्हाला माहीत असेल तर सांगा जरा त्याला समजावून."

समोर चहा आला, बिस्किटं आली. तिने कप हातात धरला, त्यावर साय जमेपर्यंत.

सम्यक आला. तिला पाहून दारातच थबकला. मग म्हणाला, "आई, मॅडमना खाली वर्ग दाखवून आणतो." जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

"सम्यक, ते पत्र..."

"माहीत आहे मला."

"सरांनी सांगितलं?"

"नाही. नुसतं वाचायला दिलं. टाईप केलं असतंत तरी ओळखलं असतं. 'यावरून असे दिसते की'. तुमच्या नोट्समध्ये प्रत्येक चुकीच्या उदाहरणात हेच वाक्य असतं."

"मग तू सरांना बोलला का नाहीस? माझं नाव का घेतलं नाहीस?"

"घेऊन काय झालं असतं? तुम्ही जळता म्हणून तुमचा आरोप खोटा, असं म्हणायचं? तो पण चुकीचाच युक्तिवाद झाला असता." तो भिंतीकडे बघत होता. "मी सरांना म्हटलं, फेरपरीक्षा घ्या. आणि पेपर मॅडमनाच काढू द्या, मॅडमनाच तपासू द्या."

"तू मागितलीस फेरपरीक्षा? माझ्या हातात दिलीस पोरं?"

"तुम्ही खोटे मार्क देणार नाही, असं वाटलं."

भाऊ समोर येऊन बसण्याआधी तपासलेले अकरा पेपर तिच्या डोळ्यांपुढे आले. "मी देत होते," ती म्हणाली. "अकरा पेपरांत कापले होते मी. नंतर परत दिले."

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर काय होतं ते तिला कळलं नाही.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला."

"मग नका म्हणू. राग आहे मला मॅडम. खूप आहे. माझ्यापेक्षा पोरांसाठी जास्त. दार लावून बसवलं त्यांना." त्याने श्वास घेतला. "आईला काही सांगू नका. तिला तुम्ही आवडता."

तो खाली उतरला. ती त्याच्यामागे गेली नाही, पण रस्त्यावर जायला विहाराच्या दारावरूनच वाट होती. आत सतरंजीवर पंधरा-सोळा पोरं बसली होती. तेजल होती. केतनसुद्धा होता, जो मुलुंडच्या वर्गातही बसायचा आणि त्यानंतर इथे यायचा. सम्यकने काहीतरी विचारलं आणि चार जण एकदम बोलायला लागले. शर्मिष्ठा थांबली आणि त्यात चुकलेलं वाक्य शोधायला लागली, कूलरपाशी शोधायची तसंच. आपण इतकं सगळं बोलून आलो तरी ही सवय गेली नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. ती बसस्टॉपकडे चालायला लागली.

परीक्षा झाल्यावर तिने क्लास सोडला. आता ती भांडुपच्या एका संध्याकाळच्या शाळेत, नोकरी करून दहावी देणाऱ्यांना मराठी शिकवते. जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा तेजलचा मेसेज आला, नुसता नंबर: चौऱ्याहत्तर. बाकी एक शब्द नाही. शर्मिष्ठाने अभिनंदन लिहून पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा लिहिलं, 'आणि केतन?'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'तो पण लागला. सरांनी पेढे वाटले.'

तिने ते भाऊंना वाचून दाखवलं. भाऊ म्हणाले, "वॉचमनवाला ना?" आणि तिने मान हलवली.